पार्ट टाइमचा पगार: तासाच्या दरापासून कामगार भवनापर्यंत

पगार थकला म्हणून मुलं येतात, तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, ‘किती येणं आहे?’ उत्तर येतं, ‘दोन महिन्यांचे.’ इथेच अर्ध्याहून जास्त अर्ज लंगडे पडतात. मालकाशी बोलताना, कामगार कार्यालयात आणि पुढे सुनावणीत लागतो तो रुपयांचा आकडा, आणि तोही तासांवरून काढलेला. पैसे बुडवणाऱ्यांपैकी निर्लज्ज थोडेच असतात. बाकीच्यांना माहीत असतं की मुलाकडे हिशेब नाही, आणि परीक्षा जवळ आली की तो आपोआप यायचा थांबेल.

आम्ही काही जण मुंबईत कॉलेज करता करता काम करणाऱ्या मुलामुलींसोबत असे अर्ज घेऊन हिंडतो. दादरला दिवाळीच्या सिझनमध्ये साड्यांच्या दुकानात उभं राहणारी, लोअर परळच्या मॉलमध्ये संध्याकाळची शिफ्ट करणारी, गोरेगावच्या नेस्कोत प्रदर्शनाच्या स्टॉलवर पत्रकं वाटणारी, मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी, घराजवळच्या क्लासमध्ये पेपर तपासणारी ही मुलं. कामं निरनिराळी असली, तरी पैसे अडकण्याच्या जागा त्याच त्या आहेत.

आधी दर. ‘अरे, तू तर शिकतोयस अजून, पॉकेटमनी मिळतोय ना?’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. कायद्यात ‘विद्यार्थ्यांचा दर’ नावाची गोष्ट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा हे तिच्यात विलीन झाले. या संहितेच्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत कुशल, अकुशल, कारकुनी, तांत्रिक, सगळी कामं येतात. बाहेर ठेवलेत ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार करून घेतलेले अप्रेंटिस. तुमच्या हातात तसा नोंदणी झालेला करार नसेल, तर मालकाने तोंडाने ‘ट्रेनी’ म्हटल्याने तुम्ही अप्रेंटिस होत नाही. जुन्या कायद्याखाली निघालेल्या दरांच्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तितक्या चालू राहतात, म्हणून दर अजून तिथूनच घ्यायचे.

दुकानं व व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये जे मूळ दर ठरवले, त्यात परिमंडळ १ साठी, म्हणजे मुंबईसारख्या महापालिका क्षेत्रासाठी, महिन्याला अकुशल १०,०२१ रुपये, अर्धकुशल १०,८५६ रुपये आणि कुशल ११,६३२ रुपये असे आकडे आहेत. हे नुसते मूळ. त्यावर विशेष भत्ता चढतो आणि तो दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. मुलं मूळ आकडा पाहतात, भत्ता विसरतात आणि स्वतःच कमी मागतात. चालू सहामाहीचा भत्ता कामगार आयुक्तालयाच्या महाकामगार संकेतस्थळावर मिळतो. तिथली पीडीएफ उतरवून तिची छापील प्रत अर्जाला जोडायची. कुठल्या तरी नोकरीविषयक साइटवरचा तक्ता जोडू नका, तो कुठल्या सहामाहीचा आहे तेच कळत नाही.

आता तासाचा दर. मूळ अधिक विशेष भत्ता ही मासिक बेरीज २६ ने भागली की रोजचा दर येतो. साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यात धरलेला असतो. अर्धवेळ माणसाचा तासाचा दर काढायला तो आकडा ८ ने भागायचा आणि वर १५ टक्के चढवायचे. हे १५ टक्के अधिसूचनेतच लिहिलेले आहेत, पण ते कुणाला ठाऊक नसतात. दुकानदाराच्या अकाउंटंटलाही नसतात, आणि असले तर तो आपण होऊन सांगत नाही.

उदाहरणापुरतं धरा, मूळ आणि भत्ता मिळून १४,३०० रुपये होतात. त्याला २६ ने भागलं, ५५० रुपये रोज. ८ ने भागलं, ६८ रुपये ७५ पैसे. १५ टक्के चढवले, ७९ रुपये ६ पैसे तास. संध्याकाळी ५ ते १० अशा पाच तासांचे ३९५ रुपये ३० पैसे झाले. ‘रोजचे तीनशे देतो, वर चहा’ असं सांगणारा माणूस या हिशेबाने तुम्हालाच चहा विकतोय.

पाच तास हा आकडाही तपासून घ्यावा लागतो. दुकान दहाला बंद होतं म्हणजे ग्राहकांसाठी बंद होतं. शटर अर्ध्यावर आलं की घड्या घालणं, स्टॉक मोजणं, गल्ला जुळवणं सुरू. मॉलमध्ये सुरुवातीला पंधरा मिनिटांचं ब्रीफिंग, शेवटी बॅग तपासणीची रांग. कॉल सेंटरमध्ये लॉगिनच्या आधी सिस्टीम चालू करून बसायचं. क्लासमध्ये पालकांचे फोन घ्यायचे. रजिस्टरमध्ये पाच तास लागतात, अंगावर साडेपाच पडतात. महिन्याच्या २४ पाळ्या धरल्या तर हा अर्धा तास १२ तासांचा होतो आणि वरच्या दराने ९४८ रुपये ७२ पैशांचा. मुलं हे कधी मागत नाहीत, कारण ‘एवढं तर सगळेच थांबतात.’ सगळेच थांबतात, म्हणूनच तो कामाचा वेळ आहे.

पेपर तपासणी, डेटा एंट्री, पाकिटं भरणं अशा नगावरच्या कामात गफलत वेगळी. समजा उत्तरपत्रिकेला १० रुपये मिळतात. एक नीट तपासायला, गुणांची बेरीज करून शेरा लिहायला १२ मिनिटं लागतात. तासाला पाच पेपर, म्हणजे ५० रुपये. नगाचा वेगळा किमान दर ठरवलेला नसेल आणि वेळेचा ठरवलेला असेल, तर वेळेच्या किमान दराखाली देता येत नाही, असं संहिता सांगते. म्हणून नगाचं काम घेतलं की पहिल्या दिवशी घड्याळ लावून दहा नग करून पाहायचे आणि ते मिनिटांसकट लिहून ठेवायचे. पुढे वाद झालाच, तर ‘पोरं हळू करतात’ या युक्तिवादाला तेवढी एक नोंद पुरते.

जॉइन होण्याआधी कागद मागायचा का? मागायचाच. नेमणूकपत्र मिळत नसेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर पाच गोष्टी यायला हव्यात: काम, जागा, वेळ, दर आणि पगाराची तारीख. ते तुम्हीच लिहून पाठवायचं: ‘सर, आज बोलल्याप्रमाणे सोमवारपासून रोज ५ ते १०, महिना इतके रुपये, पगार ७ तारखेला. बरोबर ना?’ त्यावर नुसता अंगठा आला तरी काम झालं. याउलट ‘आधी पाचशे रुपये रजिस्ट्रेशन भरा’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारातून तसंच परत फिरायचं. टेलिग्रामवर घरबसल्या ‘टास्क’ देणारे तर नोकरी देतच नाहीत. तिथे पैसे गेले असतील तर कामगार कार्यालयाचा उपयोग नाही, ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. मूळ मार्कशीट किंवा लिव्हिंग सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत बॅगेत टाका.

अकरावी-बारावीच्या मुलांकडून सहा महिन्यांचा बाँड लिहून घेणारे महाभागही भेटतात. अठरा पूर्ण नसलेल्याचा असा करार टिकत नाही. त्या बाँडच्या धाकाने कुणी न आवडणारं काम ओढत बसू नये.

हजेरीची नोंद रोजच्या रोज ठेवायची. दुकानातलं मस्टर मालकाच्या ताब्यात असतं, आणि भांडण झालं की ते सापडत नाही किंवा नवीन तयार होतं. एक साधी वही घ्या: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, काय वेगळं घडलं. त्याच्या जोडीला असं काही हवं ज्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. शिफ्ट ग्रुपवरचे मेसेज, बायोमेट्रिकच्या पडद्याचा फोटो, तुमच्या नावाने निघालेली बिलं, शेजारच्या टपरीवर यूपीआयने दिलेले चहाचे पंधरा रुपये. रेल्वेचा पास इथे निकामी, त्यावरून कुठल्या दिवशी किती वाजता गेलात ते कळत नाही. मोबाइलवर काढलेलं एकेरी तिकीट मात्र वेळ दाखवतं. ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकलं तरी जुने मेसेज फोनवर राहतात, पण फोन बदलताना ते जातात. म्हणून चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करायचं आणि मूळ फोनही जपून ठेवायचा. प्रकरण कोर्टाच्या दिशेने गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात उपकरणाचा तपशील भरावा लागतो. नुसते स्क्रीनशॉट फॉरवर्ड होत होत आलेले असले की तिथे पंचाईत होते.

बरेच जण इथे धास्तावतात की आपल्याकडे पावती नाही, मग सिद्ध कसं करणार. संहितेच्या कलम ५९ प्रमाणे पगार दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तुम्ही तिथे काम करत होता, हे दाखवणं तुमचं काम. दिले म्हणतो तर कुठे दिले, हे त्याने दाखवायचं. पगाराची चिठ्ठी देणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी आहे.

पगार हातात येतो तेव्हा त्यातून काय कापलंय ते पाहावं. कापता येण्यासारख्या गोष्टींची यादी संहितेच्या कलम १८ मध्ये आहे, त्याबाहेर काही कापायचं नाही. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. नेहमी दिसतात त्या कपाती अशा.

लेट मार्क. पंधरा मिनिटं उशीर, अर्धा दिवस गायब. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. पंधरा मिनिटं गेली तर पंधरा मिनिटांचे पैसे. मालक म्हणेल हा दंड आहे. मग दंडाचे नियम लागतात: कुठल्या चुकीला दंड, याची मान्यता घेतलेली यादी लावलेली हवी, दंड करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलेलं हवं, आणि एका पगाराच्या काळात एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. ८,००० वर ३ टक्के म्हणजे २४० रुपये. लेट मार्कच्या नावाखाली महिन्याला दीड-दोन हजार कापणाऱ्याला एवढं एक गणित दाखवलं की तो ‘एचआरशी बोलतो’ म्हणतो.

टी-शर्टचे पैसे, डिपॉझिट. सुरुवातीलाच हजार रुपये रोख घेतलेले असतात, म्हणून मुलांना ती कपात वाटत नाही. कर्मचाऱ्याने मालकाला किंवा त्याच्या एजंटला केलेलं कुठलंही पेमेंट हे पगारातली कपातच धरायचं, असं संहितेत स्पष्ट आहे. ते हिशेबात मिळवा.

फुटलेला माल, गल्ल्यात आलेली तूट. ती थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झाली असेल आणि तुम्हाला बाजू मांडू दिली असेल तरच. चौघांमध्ये वाटून टाकलेली तूट त्यात बसत नाही.

व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. बायकांना मात्र एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काहीच नाही. बारा हजारांवर काम करणाऱ्या मुलीच्या स्लिपवर ‘पी टी २००’ दिसलं तर ते चुकीचं. सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी लिंगाचा रकाना भरलेला नसतो, बाकी काही नाही. सांगितलं की परत मिळतात.

पीएफ आणि ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) एकच पाहायचं: मालकाचा वाटा तुमच्या पगारातून गेलाय का. ईएसआयचा तुमचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. स्लिपवर ४ टक्के गेलेले दिसले तर दोन्ही तुमच्या खिशातून गेले. इव्हेंटवाले मात्र तुम्हाला ‘प्रोफेशनल’ दाखवून १० टक्के टीडीएस कापतात. तो सरकारजमा झाला असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली दिसतो आणि विवरणपत्र भरून परत मिळतो. दिसत नसेल तर एजन्सीने कापला पण भरला नाही, किंवा कापलाच नाही आणि तुम्हाला थाप मारली.

पगार कधी द्यायचा याचीही मुदत आहे. महिन्यावर काम असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आठवड्यावर असेल तर आठवडी सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी असेल तर पाळी संपताना. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. ‘आमच्याकडे पंधरा दिवस होल्ड असतो’, ‘तीन महिने पूर्ण न करता सोडलं तर शेवटचा पगार नाही’ हे त्या दुकानाचे रिवाज असतील, पण कायद्याला माहीत नाहीत.

आता मागणीचा कागद. तक्ता असा करायचा: महिना, पाळ्या, प्रत्यक्ष तास, किमान दराने देय, मिळालेले, फरक. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. २४ पाळ्या, साडेपाच तास, म्हणजे १३२ तास. ७९.०६ ने गुणलं की १०,४३५ रुपये ९२ पैसे. मिळाले ८,०००. फरक २,४३५ रुपये ९२ पैसे. असे चार महिने, ९,७४३ रुपये ६८ पैसे. त्यात टी-शर्टचे १,००० वेगळ्या ओळीवर. एकूण १०,७४३ रुपये ६८ पैसे. पैसे खोडून पूर्णांक करू नका. ‘दहा हजार तरी द्या’ म्हटलं की घासाघीस सुरू होते, आणि ६८ पैशांपर्यंत आणलेला आकडा पाहिला की समोरचा आधी तक्ता वाचतो. मधे १ जानेवारी किंवा १ जुलै येत असेल तर त्या तारखेपासून दर बदलून तक्त्याचे दोन भाग करायचे. सगळ्या महिन्यांना एकच दर लावला, तर मालकाचा वकील तेवढ्याच चुकीवर अख्खा तक्ता बाजूला सारतो.

तक्त्यासोबत छोटं पत्र: ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या दुकानात काम केलं. सोबतच्या हिशेबाप्रमाणे माझे इतके रुपये येणे आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ते माझ्या खात्यात जमा करावेत.’ बस. शिव्या नाहीत, ‘पोलिसात जाईन’ नाही, सोशल मीडियावर टाकायची धमकी तर नाहीच. धमकी लिहिलीत की मालक तीच वरच्या साहेबाला दाखवतो आणि पगाराचा मुद्दा मागे पडतो. हे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा आणि स्पीड पोस्टनेही, त्याची पावती सांभाळा. उत्तर ‘अगले हफ्ते देखते हैं’ असं आलं तरी ते कामाचं आहे. देणं नाकारलेलं नाही, एवढं त्यात दिसतं.

पत्र कुणाच्या नावे? इथे हमखास घोळ होतो. पाटीवरचं नाव हे दुकानाचं नाव असतं, मालक कुणी वेगळाच. ग्राहकाच्या बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि पत्ता समोर येतो. प्रोप्रायटर असेल तर त्या माणसाचं नाव, भागीदारी असेल तर फर्मचं, कंपनी असेल तर ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट पूर्ण नाव लिहायचं. ब्रँडच्या नावे केलेल्या अर्जाची नोटीस ‘या नावाचे कोणी नाही’ म्हणून परत येते आणि तुमच्या दोन-तीन तारखा फुकट जातात.

एजन्सीमार्फत लागला असाल तर दोघांनाही पक्षकार करा. पगार देणं ठेकेदाराचं काम, पण त्याने दिला नाही तर जिथे काम केलं त्या आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येते, हे कलम ४३ मध्ये आहे. प्रदर्शनाचा स्टॉल उठला की एजन्सीवाला फोन उचलत नाही, पण ज्या कंपनीची टोपी घालून तुम्ही उभे होता तिचं ऑफिस जागच्या जागी असतं. त्या स्टॉलवरचा टोपीतला सेल्फी इथे उपयोगी पडतो.

पंधरा दिवस गेले, पैसे नाहीत. मग कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय: वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), ई ब्लॉक, रिझर्व्ह बँकेच्या समोर. कुर्ल्याहून किंवा वांद्र्याहून बस किंवा शेअर रिक्षा. अर्ज कामाच्या जागेप्रमाणे चालतो, राहत्या घराप्रमाणे नाही. तुम्ही घाटकोपरला राहता पण ऐरोली किंवा महापेच्या कॉल सेंटरमध्ये होता, तर तो ठाणे जिल्हा, तिथलं कार्यालय वेगळं. मुंबईत दुकान नोंदणीचं काम पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधला दुकाने व आस्थापना विभाग पाहतो, त्यामुळे मुलं आधी तिथे जातात. साप्ताहिक सुट्टी, ओळखपत्र, कामाचे तास याच्या तक्रारी तिथे चालतील. थकलेल्या पगारासाठी बीकेसी.

अर्जाचे दोन संच न्यायचे, शक्य असेल तर तीन. अर्ज, हिशेबाचा तक्ता, दराच्या अधिसूचनेची प्रत, मेसेजचे प्रिंट तारखेच्या क्रमाने पान क्रमांक घालून, बँकेचं स्टेटमेंट, कॉलेजचं ओळखपत्र, पत्राची पोस्टाची पावती. एक संच आवक विभागात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ याला पोच म्हणत नाहीत. पुढचं प्रत्येक विचारणं त्या क्रमांकावरून होतं.

अर्जात मागणी स्पष्ट लिहा: किमान वेतनातला फरक इतका, बेकायदा कपात इतकी, थकीत पगार इतका, तिन्ही वेगवेगळे. शिवाय नुकसानभरपाई. दाव्याच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार कलम ४५ खाली असे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. दहापट सहसा पदरात पडत नाही, पण मागितलीच नाही तर अर्धी पटही मिळायची नाही. मुदत तीन वर्षांची. संहिता येण्याआधीच्या कायद्यात ती किमान वेतनाला सहा महिने आणि इतर थकीत पगाराला बारा महिने होती, म्हणून त्या काळाचं येणं असेल तर अजिबात न थांबता अर्ज टाकावा. एकाच दुकानात चौघांचे अडकले असतील तर चौघांचा एकच अर्ज चालतो. तो केलेला बरा, एकट्या मुलाला दमात घेणं सोपं असतं.

सुनावणीचं काय? पहिल्या तारखेला मालकाकडून अनेकदा कुणीच येत नाही, किंवा अकाउंटंट येऊन मुदत मागतो. दुसऱ्या तारखेला लेखी म्हणणं येतं आणि त्यात तीनपैकी एक गोष्ट असते: हा आमच्याकडे नव्हताच, हा फ्रीलान्सर होता, याला सगळे रोख दिले. पहिल्याला ग्रुपचे मेसेज, तिसऱ्याला कलम ५९. दुसऱ्यासाठी मुद्दे लिहून न्यावे लागतात: वेळ कोण ठरवत होतं, सुट्टी कुणाकडे मागावी लागायची, युनिफॉर्म कुणाचा, वस्तू कुणाच्या, तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवता येत होतं का. शिफ्ट सुपरवायझरने लावलेली आणि रजा त्याच्याच परवानगीने, तर फ्रीलान्सर हे नुसतं नाव उरतं. तारीख परीक्षेच्या दिवशी आली तर हॉल तिकिटाची प्रत जोडून पुढची मागायची, आणि ती आधी. न जाता नंतर कारण सांगितलं तर प्रकरण निकाली निघालेलं असू शकतं. वकील लागतोच असं नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो. मुलींना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी वाट कळते.

दोन प्रकारची कामं या वाटेने जात नाहीत. कॉलेजातली ‘कमवा आणि शिका’ योजना ही ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात ठरावीक तास काम करून मानधन मिळवण्याची. त्याचे पैसे अडले तर आधी प्राचार्य, मग विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग. आणि नव्या अभ्यासक्रमातली ४ क्रेडिटची, म्हणजे १२० तासांची, ऑन जॉब ट्रेनिंग. ती पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर गुण अवलंबून असतात, म्हणून मुलं फुकट राबतात आणि १२० तासांनंतरही ‘अजून पंधरा दिवस ये’ म्हटलं की जातात. आमचं मत विचाराल तर १२१ व्या तासापासून तो कामगार आहे. तास वहीत मांडा, १२० झाले की त्याच दिवशी मेलवर प्रमाणपत्र मागा आणि पुढे यायचं असेल तर दर विचारा.

बऱ्याच प्रकरणांत शेवट तडजोडीने होतो. अकाउंटंट बाहेरच्या बाकावर बसून म्हणतो, ‘सात देतो, सही कर.’ घ्यायचे की नाही हा निर्णय ज्याचा त्याचा, फी भरायची तारीख उद्यावर असेल तर सात हजार हे सात हजार असतात. पण पावतीवर काय लिहिलंय ते वाचा. ‘पूर्ण व अंतिम, काही येणे बाकी नाही’ असं असेल तर उरलेलं गेलं. ‘अंशतः रक्कम मिळाली, बाकी हक्क राखून’ असं लिहून घेता येतं, निदान तशी मागणी करता येते. रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही करायची नाही. पुढच्या तारखेचा चेक देत असेल तर अर्ज तोवर चालू ठेवायचा आणि चेकचा क्रमांक, बँक, तारीख त्या दिवसाच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगायचं. चेक तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार.